वैजनाथापुढे सोडलेली साखर

ऊस तोडीला आला की मला गोड खावंसं वाटतं. तसं ते बाराही महिने वाटतं, पण दिवाळी उलटली, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या डुलत निघाल्या आणि त्यांच्यामागे सगळी वाहनं हॉर्न वाजवत रखडायला लागली की जरा जास्तच वाटतं. गेल्या महिन्यात आम्ही दोघं अशाच एका ट्रॉलीमागे हळूहळू मांजरसुंब्यापर्यंत आलो. चौकात चहाला थांबलो, तर टपरीवर नवाकोरा बोर्ड. सेंद्रिय गुळाचा चहा, आरोग्यासाठी उत्तम. आमचे हे खुशीत म्हणाले, "हा चालतो की तुला. गूळच हाय." आणि म्हणता म्हणताच गप्प झाले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला आपली जीभ कुठे आवरायची ते कळतं, फक्त थोडं उशिरा कळतं. मी बिनसाखरेचा चहा मागितला. टपरीवाल्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. शेजारी माझ्याच वयाची एक बाई नवऱ्याला सांगत होती की शुगर निघाल्यापासून ती फक्त गुळाचाच चहा घेते, तेवढं पथ्य तिनं काटेकोर पाळलंय. मला तिचा हात धरून बाजूला न्यावंसं वाटलं. नेलं नाही. परक्या बाईला काय सांगणार, आणि कुठून सुरुवात करणार?

माझ्या रक्तात साखर निघाली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी शहाण्यासारखं खाते. लहानपणी जी ज्वारीची भाकरी रोजचीच म्हणून ताटात दिसायचीही नाही, तीच आता पथ्य म्हणून मान मिळवून बसली आहे. सकाळी चालते. भात चमच्यानं मोजून घेते. पण दुपारी चारच्या सुमाराला माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात आणि मी डबे उघडून बघत सुटते. आधी पोह्यांचा, मग रव्याचा, मग मसाल्याचा, जसं काही मला खरंच मसाल्याचं काम आहे. शेवटी ज्याच्यासाठी आले तो. ह्यांनी तो पिठाच्या डब्यामागे लपवलेला असतो. तो कुठे आहे ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. मग माझी स्वतःशी घासाघीस सुरू होते. अर्धाच. चिमूटभरच. उद्या चालायला जास्त जाईन. कुणाशी भांडायचं तर समोर माणूस लागतो, इथे दोन्हीकडून मीच बोलत असते, आणि जी हरते तीही मीच. कधी पाणी पिऊन परत येते, कधी तोंड पुसून. तोंड पुसून आले की मला मायची आठवण येते.

माहेरचं आमचं किराणा दुकान लिंबागणेशला, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चतुर्थीला गर्दी उसळली की आप्पांना जेवायला फुरसत नसायची. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. घरात पाऊल टाकलं की पहिला वास गुळाचा यायचा, कारण ढेपा मधल्या दारापाशीच रचलेल्या असत. मायला गोडाचा सोस होता. जेवण झालं की गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय तिचं जेवण पुरं होत नसे. पाहुण्याच्या चहात साखर कमी घालणं म्हणजे त्याला उठा म्हणणं, असं ती मानायची. आप्पा चिडवायचे, "हिच्या हातचा चहा चमच्यानं खावा लागतो." ती हसून त्यांच्या कपात आणखी साखर घालायची.

ते नव्वदीतले दिवस. देशात सगळं खुलं झालं म्हणत होते. आमच्यापुरतं खुलं झालं म्हणजे दुकानात काचेच्या दाराचं फ्रीज आलं, त्यात रंगीत पाण्याच्या बाटल्या आल्या, बरण्यांमध्ये चकचकीत कागदातल्या नव्या नव्या गोळ्या आल्या. रंगीत टीव्हीवर दर थोड्या वेळानं कुणीतरी चॉकलेट खाऊन डोळे मिटायचं. माझं लग्न होऊन वर्ष झालं, त्या उन्हाळ्यात मायला तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या. आप्पा म्हणाले, "हिच्या एकटीसाठी आता नवा आड खांदावा लागतोय." आम्ही सगळे हसलो. मग तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा हसणं थांबलं आणि आप्पा तिला बीडला घेऊन गेले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागद पाहिला आणि सांगितलं, साखर फार वाढली आहे, गोड बंद करा, नाहीतर पाय जातो, डोळे जातात. माय घरी आली. दोन दिवस तिनं बिनसाखरेचा चहा प्यायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी ओतून दिला. आप्पांनी औषधाच्या दुकानातून त्या बारीक पांढऱ्या गोळ्या आणल्या. तिनं एक कपात टाकली, घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "ह्ये गोड न्हाई. ह्ये गोडाचं सोंग हाय." त्या गोळ्या पुढे कित्येक महिने भिंतीतल्या देवळीत पडून होत्या.

डॉक्टरच्या सांगण्यावरून माणूस काही सोडतो, हे तिच्या डोक्यातच बसत नव्हतं. आमच्याकडे वस्तू सोडतात ती देवापुढे. तीर्थाला जायचं, हात जोडायचे, आपल्या जिवाच्या आवडीची एक वस्तू बोलायची आणि जन्मभर तिला शिवायचं नाही. मग ती वस्तू ताटात वाढली तरी माणसाचा हात जात नाही. आप्पांनी अशीच वांग्याची भाजी सोडली होती. एका वेळी एकच वस्तू, पण ती खऱ्या आवडीची पाहिजे, कारलं सोडून देवाला फसवता येत नाही. त्या श्रावणात एका सोमवारी माय परळीला गेली आणि वैजनाथापुढे तिनं साखर सोडली.

आणि ती खरोखर सुटली. जिला गोळी टाकलेला चहा गिळवत नव्हता, त्या बाईनं पुन्हा कधी साखरेच्या कणाला हात लावला नाही. पूजेच्या प्रसादात साखर असली तर ती प्रसाद कपाळाला लावून दुसऱ्याच्या हातावर ठेवायची. दुकानात नवी गोळी आली आणि कुणी चव बघ म्हणालं की ती म्हणायची, "त्यात साखर आसती. म्या सोडलीय." फ्रीजमधली बाटली ती विकायची, पण तिचा थेंब कधी तिच्या ओठाला लागला नाही. साऱ्या गल्लीत तिचं कौतुक झालं. माझी स्वतःची घासाघीस चालते ना, तेव्हा मला मायचा तो निग्रह आठवतो आणि फार वाईट वाटतं. एवढी ताकद त्या बाईत होती. ती आम्ही कुठे खर्च केली!

कारण चहा आता गुळाचा झाला होता. जेवणावरचा खडा होताच. भाकरीबरोबर गूळ-तूप होतं. ह्यात लपवालपवी काही नव्हती. उलट आप्पा स्वतः चांगल्यातली चांगली, पिवळीधमक ढेप निवडून घरात आणायचे. साखर कारखान्यातली, पांढरी, कसकसल्या पावडरी घालून केलेली, ती रोग करणार. गूळ आपल्या रानातला. गूळ उन्हातून आलेल्याला पाण्यासोबत देतात, बाळंतिणीला देतात, रक्त वाढावं म्हणून देतात. असल्या वस्तूनं अपाय कसा होईल? गिऱ्हाईकं आप्पांना विचारायची, "वैनीला बरं हाय का आता?" आणि आप्पा अभिमानानं सांगायचे, "एकदम बरं हाय. गुळावर ठिवलंय तिला." बाजारातल्या एकानंही त्यांना अडवलं नाही. मी बी.ए. झालेली, मीही नाही. कुणाला माहीतच नव्हतं, आणि जे माहीत आहे असं वाटतं त्याबद्दल कुणी विचारत नसतं.

दिवाळीनंतर मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. तोच तो हिवाळा. आज कुणी मला विचारलं, बाई, तुझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते, तर मी तो हिवाळा सांगेन, आणि सांगताना मला लाज वाटेल. पहाटे थंडीनं दारं काकडलेली असायची. मोठ्या रस्त्यावरून ऊस भरलेल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज यायचा. माय चुलीपुढे बसून हुलग्याचं माडगं ढवळत असायची. मला डोहाळे गोडाचेच. सकाळी उठल्यापासून काहीतरी गोड हवं असायचं, आणि मागितलं की मिळायचं. गुळाची पोळी, गुळातला शिरा, खोबरं-गूळ, कोवळ्या ज्वारीच्या हुरड्यावर गूळ. आणि पोटुशीला एकटीला खाऊ घालायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. एकटीनं खाल्लेलं तिला लागत नाही म्हणतात. कुणीतरी ताटाला ताट लावून बसायचं. माझ्यासोबत माय बसायची.

एकदा आम्ही दोघी गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर गेलो. आप्पा नको म्हणत होते, एवढं पोट घेऊन कुठे निघालीस, पण मला ताजा गूळ खायचा होता. काहिलीत रस रटरटत होता, चिपाडं जळत होती, वाफेनं माणसांचे चेहरे दिसत नव्हते. गुऱ्हाळवाल्यानं उसाच्या कांडक्याला कोमट गूळ गुंडाळून दोघींच्या हातात दिला. तारा ओढत, बोटं चाटत आम्ही बांधावर बसलो. हनुवटीला गूळ लागलेली माय मला त्या दिवशी माझ्याहून लहान वाटली. मी तिला म्हटलं, "माय, आगं देवापुढं साखर कावून सोडली तू? गूळच सोडायचा, तुला तर गूळ लई आवडतो."

ती म्हणाली, "गूळच सोडनार व्हते. मनात तसंच धरून गेलते. मंग तिथं गाभाऱ्यात गेल्यावर तू ध्यानात आलीस. म्हनलं, पोरीचं पयलं बाळातपन. डिंकाचं लाडू करायचे, आळिवाची खीर करायची, ते गुळाचंच आसतं. चाखल्याबिगर पाक कळतो का? आन् तुझ्यासंगं बसून कोन खाईल? मंग साखर सोडली."

मी हसले. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उरलेला गूळ खाल्ला. किती बरं वाटलं होतं मला ते ऐकून, हे मी कसं सांगू.

संक्रांतीनंतर लेक झाली. मग बाळंतिणीची खोली, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. माय शेगडीपाशी बसून निखारे सारखे करायची, मुलीला शेक द्यायची, आणि बसल्या बसल्या माझ्या ताटलीतला अर्धा लाडू मोडून घ्यायची, कारण मला एकटीला खाऊ द्यायचं नव्हतं. एका सकाळी मला जळकट वास आला. मी म्हटलं, माय, काही जळतंय का बघ. ती इकडे तिकडे बघायला लागली. जळत होता तिचा पाय. शेगडीच्या तापलेल्या कडेला अंगठा टेकला होता आणि तिला त्याची खबरच नव्हती. मी ओरडले तेव्हा तिनं पाय उचलून नवलानं पाहिलं. "आगं, दुखलं बी न्हाई," ती म्हणाली, आणि बरं झालं दुखलं नाही म्हणून आम्ही त्यावर हळद-तूप लावलं. न दुखणं हेच वाईट असतं, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

जखम भरली नाही. हंगाम संपत आला, रस्त्यावरच्या गाड्या विरळ झाल्या, आणि अंगठा काळा पडला. आप्पांनी तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. बाळाला घेऊन मीही मागोमाग गेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मावशी, गोड खाता का?" माय पलंगावर सावरून बसली. उत्तर तिच्याकडे तयार होतं. "बिलकुल न्हाई. वैजनाथापुढं सोडलीय साखर. निसत्या गुळावर हाय म्या."

त्या बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगितलं, की मावशी, जिभेला फरक कळतो, देहाला कळत नाही. रक्तात गेल्यावर दोन्ही एकच. आप्पा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मायनं आपल्या पायाच्या बँडेजकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, आणि कुणाला विचारलं ते मला अजून कळलेलं नाही, "मंग वैजनाथापुढं म्या सोडलं तरी काय?"

अंगठा काढावा लागला, त्याच्या शेजारची बोटंही. पुढे काही वर्षांनी डोळे गेले, आणि मग ती गेली. दवाखान्यातून आल्यावर तिनं गूळ सोडला. ह्या खेपेला कुठल्या देवापुढे गेली नाही, कुणाला बोलली नाही, सोडला. पण तिच्याबरोबर आणखीही काही सुटलं. ती कुणासोबत खायला बसेना. घरात काही गोड झालं की ताट वाढून देऊन, काठी टेकत मागच्या अंगणात जाऊन बसायची. आम्हाला वाटायचं तिला मोह होतो म्हणून जाते, मग आम्हीही तिला लपून खायला लागलो. आप्पा ढेपेवर कापड टाकून ठेवायचे. ती घरात आली की आमची तोंडं हलायची थांबायची. ज्या घरात पाहुण्याच्या कपात कमी साखर पडू नये म्हणून ती बाई जपायची, त्याच घरात आम्ही तिच्यापासून तोंड पुसत फिरत होतो. लोक म्हणायचे, तिला गोडाच्या सोसानं खाल्लं. मीही कितीदा तसंच म्हटलं आहे. आता म्हणवत नाही.

ह्या हिवाळ्यात लेक बाळंतपणाला आली आहे. शेगडीपाशी शेकलेली तीच ती. पुण्यात नोकरी करते, सगळं वाचून आलेली असते, ज्वारीच्या भाकरीला सुपरफूड म्हणते. पण परवा दुपारी तिनं लाडू मागितला. मी डिंक तळून, खारीक-खोबरं घालून, गुळाच्या पाकात लाडू वळले होते. पाक मी चाखला नाही, थेंब पाण्यात टाकून पाहिला. तो जरा कडकच झाला. ताटलीत लाडू घेऊन ती माझ्यापुढे बसली, मोडला, आणि अर्धा माझ्यासमोर धरला. "तू घे ना आई. एकटीला जात नाही."

तुपाचा आणि जायफळाचा वास आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे मी कबूल करते. पण हात पुढे झाला तो त्या पाण्यामुळे नाही. ती समोर बसली होती, पोट सांभाळत, हात पुढे केलेला, आणि तिला नाही म्हणणं माझ्यानं होईना. डब्यासमोर मी कितीदा हरते ते मला माहीत आहे. हे त्यातलं नव्हतं. इतकी वर्षं मायचा जो सोस म्हणून मी समजत होते तो अर्धा तरी असा होता, असा समोर धरलेला हात. मी म्हटलं, "नको गं मला." तिनं तो तुकडा ताटलीत ठेवला. स्वतःचाही ठेवला. म्हणाली, "राहू दे मग. नंतर बघते." तिचा चेहरा मला बघवेना.

मी उठले. डबे उघडत गेले. ह्या वेळी खरंच काहीतरी शोधत होते. वाटीभर फुटाणे घेतले, मीठ-तिखट टाकलं आणि तिच्यासमोर येऊन बसले. खायला लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि लाडू उचलला. आम्ही दोघी बोलत बसलो, तिच्या ऑफिसातल्या कुणाबद्दल तरी. तिनं दोन लाडू खाल्ले. माझी वाटी संपली.

आप्पांच्या दुकानात गुळाच्या ढेपांना लागूनच फुटाण्याचं पोतं असायचं, तोंड उघडं, वर माप ठेवलेलं. माय माझ्याजवळ येऊन बसायची तेव्हा तिच्यापुढे त्यातली मूठभर ठेवावी, हे त्या अख्ख्या हिवाळ्यात आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.